ओटीपीचा मेल लटकतोय: एसईएस, पोस्टमार्क की झेप्टोमेल? मतं द्या, भांडा

घोडबंदरकर
आमचं हाउसिंग सोसायट्यांचं ॲप आहे, ऑफिस वागळे इस्टेटला. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, आणि लॉगिनला मेलवर ओटीपी. महिनाभर सगळं गुण्यागोविंदाने चालतं पण १ तारखेला बिलं सुटली की ओटीपी लटकतो, कमिटीवाले फोन करून ओरडतात, आणि कोड येतो तेव्हा तो एक्स्पायर झालेला असतो. सध्याच्या सर्व्हिसचं नाव घेत नाही, उगाच इथे त्यांची वकिली करायला कोणीतरी येईल.

पार्टनरचं म्हणणं, ॲमेझॉन एसईएस घ्या (ॲमेझॉनची मेल पाठवायची सर्व्हिस), हजार मेलला १० सेंट, म्हणजे १०,००० मेल एका डॉलरात. माझं मत पोस्टमार्क, तीही तसलीच सर्व्हिस. तिथे तेवढ्याच मेलला १५ डॉलर आहेत हे मान्य, पण ते ट्रान्झॅक्शनल (ओटीपी, पावतीसारखे एकेकाला जाणारे) आणि बल्क (एकदम हजारोंना जाणारे) मेल वेगवेगळ्या स्ट्रीममधून वेगळ्या यंत्रणेवरून पाठवतात, आणि जीमेल, याहू, आउटलूकच्या इनबॉक्सला मेल पोचायला आत्ता किती सेकंद लागतायत ते स्वतःच्या स्टेटस पेजवर उघड टाकतात. ओटीपीसाठी पैसे वाचवणं मला पटत नाही. "डिपेंड्स" हे उत्तर नकोय.

ऐरोलीचा_बॅकएंड
भाऊ, महिनाभर व्यवस्थित आणि १ तारखेलाच बोंब, यातच उत्तर आलं. सर्व्हिस बदलून काय होणार? बिलं आणि ओटीपी एकाच क्यूत, म्हणजे रांगेत, टाकताय ना? सगळ्या सोसायट्यांची बिलं एकदम क्यूत पडली, तुमच्या अकाउंटला सेकंदाला अमुक इतकेच मेल अशी लिमिट आहे, मग सेक्रेटरी काकांचा ओटीपी त्या बिलांच्या मागे उभा राहतो. ही लिमिट सगळीकडे या ना त्या रूपात असते. एसईएसमध्ये तर उघड आहे, सँडबॉक्समध्ये, म्हणजे नव्या अकाउंटच्या चाचणीच्या टप्प्यात, सेकंदाला १ मेल आणि दिवसाला २००, बाहेर पडल्यावर वाढवून मागायची. ओटीपीला वेगळी क्यू, वेगळा वर्कर (क्यूतले मेल पाठवणारा प्रोग्राम), आणि बिलं रात्रभर सावकाश सोडा, बिल पहाटे ३ ला आलं म्हणून कोणी मेलं नाही. एसईएस मुंबई रीजन (ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर), विषय संपला.

वाशीवाली
विषय इतक्यात कसा संपेल. क्यूचं बरोबर आहे, पण तुमच्या क्यूतून मेल बाहेर पडल्यावर पुढे काय होतं त्याचं काय? मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या चेनचं मेलचं काम बघते, रिपोर्ट आणि ओटीपी दोन्ही. छोट्या कंपनीला शेअर्ड आयपी मिळतो, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता अनेक कंपन्यांत मिळून एकच, आणि शेअर्ड आयपी म्हणजे एका फ्लॅटमधल्या भाडेकरूने धिंगाणा घातला की अख्ख्या बिल्डिंगचं नाव बद्दू. त्या आयपीवरून दुसऱ्या कोणीतरी कर्जाच्या ऑफर फेकल्या तर समोरचा मेल सर्व्हर तुमच्याही मेलला "नंतर या" म्हणतो, मग रिट्राय, मग उशीर. पोस्टमार्क अकाउंट चालू करतानाच माणूस बसवून तपासतो, कोण काय पाठवणार आहे ते विचारतो. त्या १५ डॉलरमध्ये तुम्ही शेजार विकत घेताय, वेग नाही.

ऐरोलीचा_बॅकएंड
ताई, एसईएससुद्धा सँडबॉक्समधून बाहेर सोडायच्या आधी विचारतंच की काय पाठवणार. शिवाय बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) ५ टक्क्यांवर गेला की अकाउंट रिव्ह्यूत आणि १० टक्क्यांवर पाठवणं बंद करू शकतात, स्पॅमच्या तक्रारींना ०.१ टक्क्याला रिव्ह्यू, ०.५ ला पाठवणं बंद करू शकतात. धिंगाणा घालणारा फार दिवस टिकत नाही. आणि शेजार एवढाच नको असेल तर डेडिकेटेड आयपी घ्या, फक्त तुमचा, महिन्याला २५ डॉलरच्या आसपास.

वाशीवाली
डेडिकेटेड आयपी? एका ठाण्यातल्या सोसायटी ॲपला? महिन्यातून एकदा बिलांचा लोंढा आणि बाकी २९ दिवस थोडेसे ओटीपी, त्या आयपीला कुठलीच ओळख तयार होणार नाही, जीमेलला तो दर महिन्याला नवखाच वाटणार. रोजचा भरपूर आणि सारखा व्हॉल्यूम असेल तर डेडिकेटेडला अर्थ आहे. हा सल्ला लोक सर्रास देतात म्हणून रागाने लिहितेय.

आणि ते तक्रारींचे आकडे. जीमेलवर कोणी "रिपोर्ट स्पॅम" दाबलं तर ती तक्रार एसईएसकडे येतच नाही, जीमेल तसा फीडबॅक देत नाही. म्हणजे तुमच्या डॅशबोर्डवर ०.० आणि तिकडे जीमेलमध्ये तुमची पत घसरलेली. त्यासाठी गूगलचं पोस्टमास्टर टूल्स वेगळं उघडून बघायला लागतं, फुकट आहे, आणि मला भेटलेल्या बॅकएंडवाल्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडलेलं असतं.

तुर्भे_टेस्टर
झेप्टोमेल कोणी बोललंच नाही अजून. झोहोचं आहे, १०,००० मेलचं क्रेडिट अडीच डॉलरचं, मार्केटिंगचे मेल मुळात घेतच नाहीत, फक्त ट्रान्झॅक्शनल, त्यामुळे वाशीवालीच्या भाषेत शेजारही बरा. भारतातलं डेटा सेंटर आहे त्यामुळे फास्ट पण असणार. मधला रस्ता सोडून सगळे टोकाला का जातात कळत नाही.

महापे_नाइटशिफ्ट
झेप्टोमेल घ्या की, वाईट नाही. पण "भारतात सर्व्हर म्हणून फास्ट" हे डोक्यातून काढा. इथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तक्रार मिनिटांची आहे. सर्व्हिसचं एपीआय (आपलं ॲप जिथे मेल सोपवतं ते) किती मिलिसेकंदात उत्तर देतं याचे तक्ते लोक टाकतात त्याला पण काही अर्थ नाही. त्या उत्तराचा अर्थ फक्त "घेतला, रांगेत टाकला".

खरा वेळ बघायचा तर उशिरा आलेला मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबं, "शो ओरिजिनल". वर "क्रिएटेड ॲट" च्या पुढे कंसात लिहिलेलं असतं डिलिव्हर्ड आफ्टर इतके सेकंद. मग खाली रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचत या, प्रत्येक ओळीला त्या सर्व्हरची वेळ असते, कुठल्या दोन ओळींमध्ये मोठी उडी आहे ते दिसतं. सगळ्या ओळी दोन-तीन सेकंदात आटपल्या आणि तरी काका म्हणतात दहा मिनिटं लागली, तर मेल सर्व्हिसला मिळायच्या आधीच तुमच्या इथे पडून होता. सर्व्हिसच्या ओळीनंतर समोरच्या सर्व्हरला उडी असेल तर ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी परत पाठवणं) किंवा थ्रॉटलिंग (वेग मुद्दाम कमी करणं). समोरच्या सर्व्हरचा ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, ५ ने म्हणजे येऊच नका. नंतर या म्हटल्यावर एसईएस डीफॉल्टला १४ तासांपर्यंत प्रयत्न करत राहतं, ओटीपीला याचा काय उपयोग? हल्ली ती मुदत ५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते, ओटीपीला तेवढीच ठेवा आणि काकांना सरळ "पुन्हा पाठवा" चं बटण द्या.

घोडबंदरकर
शो ओरिजिनल बघतो उद्या, एका सेक्रेटरींनी मेल डिलीट केला नसेल तर. पण नाइटशिफ्ट, हे काम सपोर्टच्या मुलीला कसं जमणार? पोस्टमार्कमध्ये ४५ दिवसांचे मेल मजकुरासकट दिसतात, पत्ता टाकला की कधी गेला, समोरच्याने काय उत्तर दिलं, सगळं. एसईएसमध्ये मजकुरासकट असं तयार मिळत नाही, मेलचं काय झालं त्याचे इव्हेंट ॲमेझॉनच्या एसएनएस या नोटिफिकेशन सर्व्हिसवरून आपण घ्यायचे, आपण साठवायचे, आपणच स्क्रीन बनवायची. ती स्क्रीन बनवणाऱ्याचा पगार १५ डॉलरपेक्षा जास्त आहे.

ऐरोलीचा_बॅकएंड
एकदाच बनवायची आहे ना. वेबहुक घ्या (सर्व्हिस स्वतःहून आपल्या सर्व्हरला कळवते), एक टेबल, एक सर्च. दोन दिवसांचं काम.

घोडबंदरकर
राव, दोन दिवसांच्या कामांचीच आमच्याकडे दोन वर्षांची यादी आहे.

कळव्याचा_चिकित्सक
मुळात मेलवर ओटीपी कशाला? एसएमएस पाठवा की, सगळ्यांच्या हातात फोन आहे.

महापे_नाइटशिफ्ट
एसएमएसला डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) रजिस्टर करा, टेम्पलेट मंजूर करून घ्या, त्यात एक शब्द बदलला तर मेसेज अडकतो, आणि दर मेसेजला पैसे. शिवाय निम्मे फ्लॅट मालक दुबईत आणि न्यू जर्सीत. मेल लागतोच.

वाशीवाली
कळव्याच्या दादांना माझ्याकडून एक वेगळं उत्तर. मेल चालेल पण त्यात लॉगिनची लिंक देऊ नका, आकडाच द्या. ऑफिसच्या मेलवर सिक्युरिटी स्कॅनर बसवलेले असतात, ते लिंक आधी स्वतः उघडून बघतात, एकदाच चालणारी लिंक तिथेच खर्ची पडते. माणूस क्लिक करतो तेव्हा "लिंक वापरली गेली आहे". आणि मग दोष मेल सर्व्हिसला.

तुर्भे_टेस्टर
भरवशाचं पण बोला ना. २० ऑक्टोबर २०२५ आठवा, नरक चतुर्दशीच्या दुपारी ॲमेझॉनचं व्हर्जिनिया रीजन बसलं आणि अर्धं इंटरनेट गेलं. सगळं एकाच टोपलीत नको, दोन सर्व्हिस ठेवा, एक पडली की दुसरी.

ऐरोलीचा_बॅकएंड
म्हणून तर मुंबई रीजन म्हटलं, त्या दिवशी झळ मुख्यतः व्हर्जिनियाला होती, डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसच्या डीएनएसमुळे (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा). आणि दुसरी सर्व्हिस नुसती "ठेवून" चालत नाही. वर्षभर तिच्यावरून काही गेलं नाही आणि संकटात एकदम सगळे ओटीपी तिकडे वळवले तर तेच मेल स्पॅममध्ये. ठेवायचीच तर रोज थोडे मेल तिच्यावरून जाऊ द्या, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) तिचाही लावा, आणि एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनवरून कोण पाठवू शकतं त्याची यादी) दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप होत नाहीत ना ते बघा. प्रत्येक सर्व्हिसचा इन्क्लूड टाकत टाकत लोक अकरावर जातात आणि एसपीएफच फेल.

वाशीवाली
हे मात्र एकदम पटलं. आता घोडबंदरकर, एक विचारते, रागावू नका. थकबाकीची रिमाइंडर ओटीपीच्याच डोमेनवरून जातात का?

घोडबंदरकर
हो. ट्रान्झॅक्शनलच आहे ना ते, बिलाचाच भाग.

वाशीवाली
तुमच्या दृष्टीने. ज्याचे सहा महिने थकलेत तो माणूस ते वाचून काय दाबतो? रिपोर्ट स्पॅम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे, दिवसाला ५,००० च्या आसपास मेल जीमेलच्या खात्यांना गेले की तुम्ही बल्क सेंडर, स्पॅमचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली पाहिजे, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (त्या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम) तिन्ही पाहिजेत. आउटलूकनेही मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. तुम्ही १ तारखेला एकदा जरी तो आकडा ओलांडला तरी जीमेल तुम्हाला कायमचं बल्क सेंडर धरतं, आणि सबडोमेनचे (मुख्य डोमेनच्या पुढे शब्द जोडून केलेला उपपत्ता) मेलही मुख्य डोमेनच्याच खात्यात मोजले जातात.

ऐरोलीचा_बॅकएंड
मग सबडोमेन वेगळं करून फायदा काय, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे?

वाशीवाली
मोजणी एकत्र असली तरी पत बऱ्याच अंशी सबडोमेननिहाय बनते. रिमाइंडरवाल्याची घसरली तर ओटीपीवाला थोडा तरी वाचतो. पूर्ण वाचतो असं मी म्हटलेलं नाही.

घोडबंदरकर
ठीक, रिमाइंडर आणि बिलं वेगळ्या सबडोमेनवर, स्वस्तात, म्हणजे एसईएसवर. पार्टनर खूश. ओटीपी आणि पासवर्ड रिसेट पोस्टमार्कवर, ते मेल मोजकेच असतात. ऐरोलीकर काहीही म्हणोत.

ऐरोलीचा_बॅकएंड
न्या. माझं मत तेच आहे, क्यू वेगळी केल्यावर दोन्हीकडचे आकडे सारखेच दिसतील आणि तुम्ही सुखाने जास्त पैसे भराल. फक्त हलवताना जुन्या सर्व्हिसची सप्रेशन लिस्ट (ज्या पत्त्यांना मेल पाठवणं थांबवलंय त्यांची यादी) एक्स्पोर्ट करून न्या, नाहीतर जे पत्ते केव्हाच बंद पडलेत त्यांना नव्या अकाउंटवरून पहिल्याच दिवशी मेल जातील आणि बाउन्सचं प्रमाण वर. आणि त्या लिस्टमध्ये चालू मेंबर कोण अडकलेत तेही बघा, कधीतरी एकदा बाउन्स झालेला पत्ता तिथे पडून राहतो, मग त्याला ओटीपी उशिरा नाही, जातच नाही.

महापे_नाइटशिफ्ट
आणि १ तारखेच्या आठवड्यात हलवू नका.