पाल चुकचुकली, पण बोललं कोण?
'अभ्यास कमी पडतो म्हणून लोक हिमस्खलनात सापडतात' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. फेब्रुवारी २०१२ मधली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स पास या स्कीइंगच्या ठिकाणाजवळची टनेल क्रीकची हिमस्खलन दुर्घटना बघा. स्कीइंगमध्ये मुरलेली मंडळी, कित्येकांना त्या डोंगराची खडान् खडा माहिती. धोक्याचा इशारा होता, ताजा बर्फही भरपूर पडलेला. तरी उतरले. तिघांचा जीव गेला. नंतर काहींनी कबूल केलं की मनात पाल चुकचुकली होती. पण एवढे दिग्गज सोबत असताना 'नको' कोण म्हणणार? (सह्याद्रीतल्या ट्रेकला लीडरपुढे आपलंही हेच होतं की!) त्यात ओळखीचा उतार आणि ताज्या बर्फाचा मोह. आमच्या ग्रुपमध्ये म्हणूनच ठरलंय, एकाने जरी 'नको' म्हटलं तरी सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही.