मदत हवी आहे : आयोडीन-१३१ उपचारानंतर घरात गरोदर वहिनी

आईचा थायरॉईड अतिक्रियाशील असल्याने तिला मुंबईत आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी औषधाची मात्रा दिली जाणार असून त्याच दिवशी नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणायचे आहे, जिथे गरोदर वहिनीही राहते. याचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे ८ दिवसांचा असतो आणि शरीरातून ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, हे डॉक्टरांनी समजावले. वेगळी भांडी, वेगळे अंथरूण आणि शौचालयात दोनदा पाणी सोडणे हेही सांगितले. उपचाराविषयी आमच्या मनात शंका नाही (शेजाऱ्यांच्या आहे, ते असो), आणि हृदयविकारामुळे शस्त्रक्रिया शक्य नाही. वहिनीचे माहेर दूर आहे, शौचालय एकच आहे. अशा घरात आईलाच काही दिवस अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते का, आणि परतीचा प्रवास रेल्वेऐवजी खासगी गाडीने, मागच्या आसनावर बसवून करावा का?