शब्दचर्चा : ‘सत्तांतर’ की ‘स्थित्यंतर’?

प्रश्न : झांबियावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. तिथे १९९१ मध्ये एकाच पक्षाची राजवट संपली आणि अनेक पक्षांची निवडणूक झाली. याला ‘सत्तांतर’ म्हणावं का? ‘संक्रमण’ लिहिलं तर कोरोनानंतर आजारच आठवतो. शिवाय ‘एकपक्षीय’ हा शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद १ : सत्तांतर म्हणजे सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाणं, खेळाचे नियम तेच राहून. आपल्याकडे १९९५ साली युतीचं सरकार आलं, ते सत्तांतर. झांबियात मात्र आधी नियम बदलले, मग सत्ता.

तिथे डिसेंबर १९७२ पासून अध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या ‘युनिप’ या एकाच पक्षाला कायद्याने मान्यता होती. निवडणुका व्हायच्या, संसदेच्या एकेका जागेसाठी दोन-तीन उमेदवारही असायचे, पण सगळे युनिपचेच. अध्यक्षपदासाठी फक्त कौंडा. मतदाराने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं. १९८८ मध्ये त्यांना ९५ टक्क्यांवर मतं पडली. दोनच वर्षांनी, जून १९९० मध्ये, मक्याच्या पिठाचे भाव वाढले आणि राजधानी लुसाकात दंगली पेटल्या. पाठोपाठ एका लष्करी अधिकाऱ्याने रेडिओवरून सरकार उलथल्याची घोषणा केली. उठाव काही तासांतच फसला, पण तेवढ्या वेळात लोक आनंदाने रस्त्यावर आले होते. देशाची मुख्य निर्यात असलेल्या तांब्याचे भाव पडल्यापासून साचलेली चीड होती ती. त्या ९५ टक्क्यांना काय अर्थ होता, हे त्या दिवशी दिसलं.

जुलैत विरोधकांची ‘एमएमडी’ ही आघाडी उभी राहिली. कौंडांनी आधी सार्वमत जाहीर केलं, मग ते रद्द करून डिसेंबर १९९० मध्ये घटनादुरुस्तीवर सही केली आणि इतर पक्षांना वाट मोकळी झाली. हे स्थित्यंतर. ३१ ऑक्टोबर १९९१ ला कामगार नेते फ्रेडरिक चिलुबा तीन-चतुर्थांश मतांनी निवडून आले, एमएमडीला १५० पैकी १२५ जागा मिळाल्या. हे सत्तांतर. लेखात दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरा.

‘एकपक्षीय’ टाळा. ‘द्विपक्षीय करार’ म्हणताना पक्ष म्हणजे बाजू, त्यामुळे ‘एकपक्षीय’ वाचलं की ‘एकतर्फी’ असा भास होतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकांतला ‘एकपक्ष पद्धती’ नेमका आहे. आणि ‘एकपक्ष वर्चस्व’ त्यात मिसळू नका. नेहरूंच्या काळात काँग्रेसचं वर्चस्व होतं, पण इतर पक्षांवर बंदी नव्हती.

प्रतिसाद २ : सहमत. पूर्व आफ्रिकेतले इतर देश पाहिले तर हा फरक किती खरा आहे ते कळतं. केनियात १९८२ साली घटनेत घातलेलं एकपक्षाचं कलम डिसेंबर १९९१ मध्ये निघालं, पण अध्यक्ष मोई १९९२ आणि १९९७ अशा दोन्ही निवडणुका जिंकले. सत्तांतराला २००२ उजाडलं. टांझानियात तर एक पक्ष की अनेक, हे तपासणाऱ्या न्यालाली आयोगापुढे बहुसंख्य लोकांनी एकच पक्ष हवा म्हटलं, तरीही आयोगाने अनेक पक्षांची शिफारस केली. १९९२ मध्ये कायदा बदलला. सत्तेवर मात्र आजही तोच जुना पक्ष, ‘सीसीएम’, आहे.

प्रतिसाद ३ : मग ‘लोकशाहीकरण’ का नको?

प्रतिसाद १ : चालेल, पण जपून. त्या शब्दात वाट पुढेच जाते असं गृहीत आहे. चिलुबांच्याच सरकारने १९९६ मध्ये घटना अशी बदलली की आई-वडील दोघंही जन्माने किंवा वंशाने झांबियन नसतील तर अध्यक्षपदाला उभं राहता येणार नाही. कौंडांचे आई-वडील मलावीतून आलेले. म्हणजे ज्यांनी मतपेटीचा निकाल मान्य करून खुर्ची सोडली, त्यांनाच मतपत्रिकेवरून बाहेर काढलं. याला मी लोकशाहीकरण म्हणणार नाही.

प्रश्नकर्ती : आभार. मूळ लेखात कौंडांना सरळ ‘हुकूमशहा’ म्हटलंय. तसंच ठेवू?

प्रतिसाद २ : अनुवाद आहे, तर मूळ शब्द ठेवावाच लागेल. तुमचं स्वतःचं लेखन असतं तर ‘एकपक्ष राजवटीचे प्रमुख’ सुचवलं असतं. १९६४ मध्ये लागलेली आणीबाणी त्यांनी शेवटपर्यंत उठवली नाही आणि विरोधकांना खटल्याविना तुरुंगात ठेवलं, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं.