कारगिलात सुरुवातीचे बॉम्ब कामून चुकले?

नांदेडचा_कॅडेट:
एसएसबीची (सैन्यात अधिकारी निवडायची मुलाखत) तयारी करायलोय. क्लासमध्ये सांगितलं, १९९९ ला मिराज विमानानं लेझर बॉम्ब टाकले अन् टायगर हिल हे शिखर पडलं. मग २६ मेपासून मिग विमानं उडत होती, त्यांचा निशाणा कामून लागंना? कुणीतरी इस्कटून सांगा.

औशाचा_फिटर:
बाळा, मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो, विमानाला बॉम्ब लावायचं काम. आता सोयाबीन करतो.

आधी उंची बघ. शिखरं सोळा-सतरा हजार फुटांची. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. हवा कमी अडवते, म्हणून बॉम्ब ठरल्यापेक्षा पुढं जातो. निशाण्याचे हिशेब सगळे खालच्या हवेचे. बरं, आपल्याकडच्या सपाट रानात बॉम्ब वीस मीटर चुकला तरी तुकडे लागतात. तिकडं अरुंद धार, वीस मीटर पुढं गेला की सरळ दरीत.

खाली उतरून मारावं तर २७ मेला मिग-२१ क्षेपणास्त्रानं पडलं, अजय आहुजा साहेब गेले. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर, आतले चौघंही. ते स्टिंगर क्षेपणास्त्र खांद्यावरून सुटतं, पण सोडणारा पाकिस्तानीच शिखरावर बसलेला! पल्ला तिथून वर मोजायचा. झालं, विमानं आणखी वर गेली अन् निशाणा आणखी बिघडला. मिग-२१ वाल्यांनी मग हातातलं जीपीएस अन् स्टॉपवॉच धरून बॉम्ब सोडले. हसू नको, खरंय.

पैठणचे_मास्तर:
आणि एलओसी (ताबारेषा) ओलांडायची नाही, हा सरकारचा हुकूम. त्यामुळे हल्ल्याची दिशासुद्धा मनासारखी निवडता येत नव्हती. क्लासवाले हे कधी सांगत नाहीत.

नांदेडचा_कॅडेट:
मग लेझर बॉम्बचं कौतुक फुकटच का काका?

औशाचा_फिटर:
फुकट कसं? २४ जूनला टायगर हिलच्या ठाण्यावर मिराजनं तोच टाकला. विमानाखाली लावलेल्या पॉडमधून (यंत्राची नळी) लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरायचा, बॉम्ब पडता पडता पंख हलवून तिकडं वळतो. पातळ हवेनं केलेली चूक वाटेतच निघते. ढग आडवा आला की मात्र संपलं. अन् असे बॉम्ब अख्ख्या लढाईत बोटांवर मोजण्याइतकेच पडले.

मला विचारशील तर मोठं काम १७ जूनचं, मुंथो ढालोचं. बटालिककडचा पाकिस्तान्यांचा रसदेचा तळ. तोही मिराजनंच मारला, पण साध्या बॉम्बांनी. शिखरावरच्या बंकरपेक्षा तंबू अन् गोदामं पसरलेला तळ मारायला सोपा, अन् तो गेला की वरच्यांचं धान्य, दारूगोळा सगळंच अडतं. पण त्याचं नाव कुणी घेत नाही, टीव्हीवर टायगर हिलच दिसतं.

आणि मुलाखतीत ‘मिराजनं टायगर हिल घेतलं’ असं म्हणू नको. ते ४ जुलैला पायदळानं रात्री चढून घेतलंय. समोर कुणी ग्रेनेडियर, म्हणजे ते घेणाऱ्या रेजिमेंटचा, बसलेला असला तर तुझी काही खैर नाही.