मदत हवी आहे: ७७७ देऊनही लोकल साइटवर ४०३

उद्या_डेमो: सकाळपासून डोकं फिरलंय. लोकलहोस्ट (माझ्याच मशीनवरची साइट) उघडलं की ‘फॉरबिडन’, ४०३, म्हणजे बघायला परवानगी नाही. फोल्डरला सीएचमॉड ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, आतल्या सगळ्या फायलींनाही दिलं, साइट दाखवणारा वेब सर्व्हर अपाचे तीनदा रीस्टार्ट केला. उद्या साइट दाखवायचीये. ‘गुगल कर’ सांगू नका, करूनच आलोय.

काळी_खिडकी: सिस्टिम कोणती? फोल्डर नक्की कुठे ठेवलायस? एरर लॉगची शेवटची ओळ टाक.

उगाच_एक: झॅम्प टाका, अपाचे-डेटाबेस सगळं एकत्र येतं, विषय संपला. मी कित्येक वर्षं तेच वापरतोय, परवानगीची कटकट एकदाही नाही.

जुना_सर्व्हर: विंडोजवर नसेल. लिनक्सवर झॅम्पचं अपाचे ‘डेमन’ नावाच्या युजरखाली चालतं, तिथेही हेच रडगाणं. आणि ते ७७७ आधी काढ बाबा.

उगाच_एक: अहो, स्वतःच्या मशीनवर कोण येतंय हॅक करायला?

जुना_सर्व्हर: आज स्वतःचं मशीन, उद्या तोच फोल्डर जसाच्या तसा सर्व्हरवर चढतो. निस्तरलंय मी असलं.

उद्या_डेमो: तुमचं भांडण नंतर. उबुंटू आहे. फोल्डर नेहमीच्या जागीच. लॉग कुठे असतो?

काळी_खिडकी: /व्हार/लॉग/अपाचे२ मध्ये. ‘नेहमीची जागा’ म्हणजे कुठली?

डेटाबेस_भक्त: मायएसक्यूएलमध्ये नवा युजर बनवून सगळे अधिकार द्या. माझं तसंच सुटलं होतं.

जुना_सर्व्हर: डेटाबेस जोडला गेला नाही तर ४०३ कशाला येईल?

उद्या_डेमो: ओळ अशी आहे: ‘एएच०००३५… सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ’. मी कुठे काय शोधतोय? फोल्डर डेस्कटॉपवर आहे, अपाचेच्या फोल्डरात त्याची सिमलिंक (मूळ फोल्डरकडे नेणारा दुवा) टाकलीये.

काळी_खिडकी: सिमलिंक! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सर्च म्हणजे फोल्डरवरचा ‘एक्स’, त्यातून पुढे जायची मुभा. आतली खोली तू सताड उघडलीस, वाड्याच्या दिंडीला मात्र कुलूप. डेस्कटॉप असतो तुझ्या होममध्ये, म्हणजे युजरच्या स्वतःच्या फोल्डरात. २१.०४ पासून उबुंटू नव्या युजरचं होम ७५० ठेवतं, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना बंद. अपाचे चालतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या युजरखाली, तो तुझ्या ग्रुपात नाही. ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण पाथ दे, एकेक पायरीची परवानगी ओळीने दिसेल.

फेडोरावाला: एसईलिनक्स, फेडोरातली परवानग्यांवरची जादा सुरक्षा, बघितलं का?

काळी_खिडकी: उबुंटू म्हणालाय तो, तिथे ते आपोआप चालू नसतं.

उद्या_डेमो: होमच्या ओळीत शेवटी तीन डॅश आहेत! म्हणजे बाकीच्यांना काहीच नाही. ‘ओ+एक्स’, बाकीच्यांना फक्त एक्स, देऊ?

जुना_सर्व्हर: साइट होममधून बाहेर काढ, /एसआरव्ही खाली ठेव. ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, फोल्डर ७५०, फायली ६४०, म्हणजे अपाचेला वाचता येईल, बाकीच्यांना काही नाही.

काळी_खिडकी: बरोबर, पण डेमोनंतर. आज फक्त होमला ओ+एक्स दे. त्याने आत शिरता येतं, होममध्ये काय काय आहे त्याची यादी दिसत नाही.

उद्या_डेमो: चाललं!! पण आता प्लगइन टाकताना वर्डप्रेस (साइट त्याच्यावर बनवलीये) एफटीपीचा, म्हणजे फायली चढवायच्या सर्व्हरचा, पासवर्ड मागतंय. माझ्याकडे एफटीपी नाहीच. आणि ७७७ आहे की अजून.

जुना_सर्व्हर: वर्डप्रेस आहे हे आत्ता सांगतोयस? ते एक तात्पुरती फाइल लिहून बघतं, तिचा मालक आणि वर्डप्रेसच्या फायलींचा मालक एकच आहे का. इथे फायली तुझ्या, लिहिणारा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. ७७७ ने मालक बदलत नाही. वर्डप्रेसच्या सेटिंगची फाइल डब्ल्यूपी-कॉन्फिग, तिच्यात ‘एफएस_मेथड’ला ‘डायरेक्ट’ दे, म्हणजे एफटीपी न विचारता ते थेट लिहील. लोकलपुरतंच हं.

उद्या_डेमो: झालं. ७७७ काढतो आता.

उगाच_एक: झॅम्प टाकलं असतं तर दुपारीच झालं असतं.