टँक, टाके, टाकी

भाषांतरी: इंग्रजी मजकुरात 'रॉक-कट टँक' आहे. मी 'खोदीव टाकी' लिहिलं, तपासनिसांनी 'टाके' केलं. टाकी म्हटलं की गच्चीवरची प्लास्टिकची डोळ्यापुढे येते म्हणे. आणि 'टँक' आपल्याकडूनच इंग्रजीत गेला ना?

गडवाटा: गडावर एक टाके, अनेक टाकी. गच्चीवरची ती टाकी, तिचं अनेकवचन टाक्या. आत खांब राखून कोरलं तर खांबटाकं. छत टिकतं, सावलीत पाणी कमी आटतं. खडकाला भेग निघाली की मात्र मेहनत पाण्यात. म्हणजे पाण्याविनाच.

जुनंपानं: 'आपल्याकडून गेला' इतकं सरळ नाही. पोर्तुगिजांचा 'तांक' त्यांच्या घरचाच, 'अडवणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला. स्पॅनिश 'एस्तांके' त्याचा भाऊबंद. पश्चिम किनाऱ्यावर त्याची गाठ टांके आणि गुजराती टांकुंशी पडली, सतराव्या शतकात इंग्रजांनी उचलला. ऑक्सफर्डचा कोश दोन्हीकडे बोट दाखवतो आणि टांक्याच्या मुळाशी संस्कृत 'तडाग' असावा, असंही म्हणतात.

टोच्या: तडागाचं तलाव, तळं झालंच की! टाकं आलं 'टङ्क'वरून, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीवरून. जात्याला लावतात तीच टाकी. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की पीठ भरड पडतं, मग टाकीनं पुन्हा टोचे पाडायचे. नंतरचं पहिलं मूठ-दोन मूठ दळण टाकून द्यायचं, नाहीतर भाकरीत कचकच.

जुनंपानं: मग कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' का? छिन्नी तिथंही होतीच.

टोच्या: लेखात नाही म्हणून तोंडात नव्हता, असं थोडंच?

स्वभाषा: एवढी ओढाताण कशाला? 'जलकुंभ' लिहा. लष्करी टँकला 'रणगाडा' रुळलाच ना?

गिरगावकर: जलकुंभ खांबावर उभा असतो हो, खडकात नाही. आणि रणगाडा झकास असला तरी मूळची गंमत त्यात गळाली. इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात गुप्ततेसाठी त्या धुडांना पाण्याच्या टाक्या म्हणत. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ती उतरली, तरी नाव तेच राहिलं. आमच्याकडे तर टँक म्हणजे तलाव. गवालिया टँक बुजून मैदान झालं, पण 'गवालिया टाकी' कुणी म्हटलेलं ऐकलंय?

स्वभाषा: इंग्रजांनी ठेवलेलं नाव आपण का मिरवायचं? तलाव म्हणा.

गडवाटा: आणि टँकरला? तलावर?

भाषांतरी: माझ्या मजकुरात एकच आहे. 'टाके' ठेवू ना?

टोच्या: आतल्या भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात का, ते आधी सांगा.