शब्दकोड्यात ह्रस्व-दीर्घाची सवलत असावी का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
नमस्कार. वर्तमानपत्रातले शब्दकोडे मी रोज सकाळी घरी सुरू करतो आणि उरलेली घरे लोकलमध्ये भरतो. आडव्या शब्दाबद्दल मनात शंका असताना त्याला छेदणारा उभा शब्द नेमका बसतो आणि शंका मिटते, तो क्षण मला सर्वांत प्रिय आहे. म्हणूनच गेल्या आठवड्यातले एक घर खटकले. ‘कवी’ या आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरातून ‘विहीर’ हा उभा शब्द सुरू होत होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात त्या घरात ‘वि’ छापलेले होते. १९६२ च्या शासनमान्य लेखननियमांनुसार ‘कवी’ दीर्घान्तच लिहावा लागतो. कोडेकाराने अशी सवलत घ्यावी का?

उत्तर (वाशी)
घ्यावी, असे माझे मत आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर येते. आपल्याकडे मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर एकाच घरात बसते, त्यामुळे ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत मावतो आणि एका घराच्या शक्यता शेकड्यांनी वाढतात. दोन शब्दांत तंतोतंत सारखे अक्षर मिळवणे किती कठीण आहे, हे एकदा स्वतः कोडे रचून पाहिल्यावर कळते. मात्र ‘श’च्या जागी ‘ष’ किंवा गाळलेला अनुस्वार मी चालवून घेणार नाही.

उत्तर (ऐरोली)
वाशीकरांशी मी आदरपूर्वक असहमत आहे, कारण अडचणीवरचा उपाय नियमांतच आहे. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी सहसा दीर्घ असते, आणि अकारान्त शब्दातली उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराची, वेलांटीही तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द वगळता दीर्घच असते. तेव्हा आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरातून उभा शब्द सुरू करण्याऐवजी तो एक घर वरून सुरू करावा आणि त्याचे मधले अक्षर तेथे आणावे. ‘कवी’ला ‘नवीन’ छेदतो, ‘नेहमी’ला ‘जमीन’ छेदतो. अपवादांचीही सोय होते: ‘आणि’ ह्रस्वान्त असला तरी ‘गणित’ त्याला बिनचूक छेदतो. यासाठी काळी घरे हलवावी लागतात आणि वेळ जातो, हे मान्य आहे. पण तो वेळ देणे हेच कोडेकाराचे काम आहे, आणि रोज सकाळी त्याच्यावर विश्वास ठेवून पेन्सिल हाती घेणाऱ्याला एवढे मिळायलाच हवे.

उत्तर (पाचपाखाडी, ठाणे)
सोडवणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा मांडते. ‘महाराष्ट्रातील एक नदी’ असा संकेत असतो आणि घरे दोनच असतात. भीमा, नीरा, सीना, तापी, कृष्णा या सगळ्या तेथे बसतात, म्हणजे निवड करायला छेदणारे अक्षर एवढाच आधार उरतो. त्या अक्षराने पहिल्या घरात ‘नि’ दिला, तर मी नीरा तत्क्षणी बाद करते. आणि उत्तर नीराच निघाले, तर माझा तर्क बरोबर असूनही कोडे चुकते. सवलत घ्यायचीच असेल, तर कोड्याच्या वर ‘ह्रस्व-दीर्घ भेद धरलेला नाही’ अशी एक ओळ छापावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. ती ओळ छापावी, अशी विनंती करणारे पत्र मी पुरवणीच्या संपादकांना पाठवत आहे. ऐरोलीकरांची हरकत नसल्यास ‘नेहमी’ आणि ‘जमीन’ यांची जोडी उदाहरण म्हणून त्यात घेईन.